प्रतिसाद: एकांतच कशाला हवा?

वर कुणी म्हटलंय, अध्यात्म एकांतात, कला दालनात आणि आजच्या धावपळीत दोन्हींना जागा नाही. मला नाही पटत. एकदा खानदेशात कानबाई देवीच्या उत्सवाला या. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून देवी घडते. ती सजवणाऱ्या आमच्या काकूला कुणी कलाकार म्हणत नाही, पण नथ जराशी तिरकी बसली की ती सगळं सोडवून पुन्हा मांडते. तिच्यालेखी कला आणि भक्ती वेगळी नाहीच. सुरत-पुण्याचे भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी येतात. रात्रभर अहिराणी गाणी, वर डीजे (तो नसता तर बरं!). एकांत औषधालाही नाही. सोमवारी विसर्जन उरकून मंडळी गाडी पकडतात. ज्यांना रजा मिळत नाही ते व्हिडिओ कॉलवर हात जोडतात. जोडू देत की!