पाटीवर ‘स्थापना 1889’, इमारत 1920 नंतरची: फ्युनरल होमचा इतिहास कसा काढायचा?

ओहायोकर
अमेरिकेतल्या आमच्या छोट्या गावातल्या फ्युनरल होमवर (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारा व्यवसाय) एक पान लिहायचंय, गावच्या इतिहास मंडळाच्या पुस्तिकेसाठी. पाटीवर 1889 आहे, पण घराची ठेवण सरळ सरळ 1920 नंतरची दिसते. 1930 च्या आधीच्या वह्या मालकांकडे नाहीत. 1889 ला तिथे नेमकं काय होतं, हे कुठून कळेल? दुसरं म्हणजे, भारतातून आलेले आपले लोक आता तिथेच अंत्यविधी करतात, त्याबद्दलही दोन ओळी हव्यात.

जुनी_वही
1889 हे साल बहुतेक फर्निचरच्या दुकानाचं असणार. त्या काळी अमेरिकेतल्या लहान गावांत पलंग-कपाटं करणारा सुतारच शवपेटी करायचा, कारण लाकूड, रंधा आणि पॉलिश त्याच्याकडे असायचंच. पुढे कारखान्यातल्या तयार पेट्या रेल्वेने येऊ लागल्या, तरी धंदा त्याच दुकानात राहिला. ‘फर्निचर आणि अंडरटेकिंग’ (अंडरटेकिंग म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था, ती करणारा तो अंडरटेकर) अशा जोडपाट्या विसाव्या शतकातही बऱ्याच वर्षं दिसत. घोडागाडी तबेलेवाल्याची, खड्डा खणणारा चर्चचा. सगळं एका छपराखाली नंतर आलं.

शोध या क्रमाने घ्या. आधी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. प्रत्येक इमारतीत धंदा लिहिलेला असतो. गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडी. एक फसगत टाळा: जुन्या नकाशांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवून तीच प्रत पुढे वापरायचे. पानावर छापलेलं साल 1893 असलं, तरी वरची चिठ्ठी दहा-पंधरा वर्षांनंतरची असू शकते.

मग मृत्यू दाखले. त्यात खालच्या बाजूला अंडरटेकरचं नाव, पत्ता आणि दफनाची तारीख असते. दर पाच वर्षांचे थोडे थोडे दाखले काढून नाव आणि पत्ता कधी बदलला ते पाहा. एकाच दाखल्यावर विसंबू नका. शेजारच्या गावचा माणूसही बोलावला जायचा. शेवटी काउंटी रेकॉर्डरकडे (जिल्ह्याच्या दस्त-नोंदणी कार्यालयात) घराचं खरेदीखत. दुकान आणि घर यांचे प्लॉट वेगळे निघाले, की तुमचा गुंता सुटला.

रसायन_विभाग
वरच्या उत्तरात भर. धंदा दुकानातून घरात का गेला, हे पुस्तिकेत यायलाच हवं, नाहीतर नुसती सालांची यादी होईल.

1889 च्या सुमाराला अंडरटेकर मयताच्या घरी जायचा. सोबत घडीची, भोकं पाडलेली फळी असे. तिच्यावर देह, खाली बर्फ. एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात द्रावण भरणं, 1861–65 च्या अमेरिकी यादवी युद्धात पसरलं, कारण सैनिकांचे देह रेल्वेने शेकडो मैल घरी पाठवायचे होते. लिंकनचा देह 21 एप्रिल 1865 ला वॉशिंग्टनहून निघाला आणि 3 मे ला स्प्रिंगफील्डला पोचला. वाटेत हजारोंनी तो पाहिला. तेव्हाच्या द्रावणांत आर्सेनिक सर्रास असायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली, फॉर्मल्डिहाइड आलं. जुन्या स्मशानाजवळच्या विहिरींचं पाणी आजही आर्सेनिकसाठी तपासतात ते यामुळेच.

काम साधारण असं: गळ्याजवळच्या कॅरोटिड धमनीतून द्रावण आत, जुग्युलर शिरेतून रक्त बाहेर. ढोबळ हिशेब 50 पौंडांना 1 गॅलन, म्हणजे 70 किलोच्या देहाला साडेअकरा लिटरच्या आसपास. दाब जास्त झाला की चेहरा सुजतो. गुठळी आडवी आली की हात किंवा पाय कोराच राहतो, मग तिथली धमनी वेगळी उघडावी लागते. एवढं सगळं कुणाच्या माजघरात करणं अवघडच. त्यात माणसं इस्पितळात मरू लागली, राहती घरं लहान झाली. मग अंडरटेकरने गावातला मोठा वाडा घ्यायचा, तळघरात फरशीला उतार देऊन मोरी काढायची, बाजूला गाडीसाठी छपराचा पोर्च, वर स्वतःचं बिऱ्हाड. तुमच्या इमारतीत या तीन खुणा शोधा.

धंद्याची राष्ट्रीय संघटना 1882 ला न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये स्थापन झाली. परवान्यांचे कायदे राज्यागणिक वेगळे, सुरुवात व्हर्जिनियापासून, 1894. परवाना मंडळाच्या जुन्या याद्यांत मालकाचं नाव सापडण्याची शक्यता चांगली.

काकडे_आळी
दहनाचं मी सांगते. अमेरिकेतली पहिली आधुनिक दहनभट्टी पेन्सिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावी, 1876. पहिलं दहन बॅरन डी पाम यांचं, घडवून आणलं थिऑसॉफिकल सोसायटीचे एक संस्थापक ऑलकट यांनी. हेच ऑलकट 1879 ला मुंबईत उतरले. पुस्तिकेत आपल्या लोकांचा दुवा हवा असेल तर हा घ्या.

लहान गावच्या होमकडे स्वतःची भट्टी असेलच असं नाही. देह दुसरीकडे नेतात. म्हणून ‘भट्टीचं बटण घरचा माणूस दाबेल’ हे आधीच ठरवावं लागतं. एम्बामिंग बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही, शीतकपाट चालतं. पेसमेकर काढलाच पाहिजे, बॅटरी भट्टीत फुटते. देहासोबत तूप चमचाभर, अख्खा नारळ नको. लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी चालते. 1984 पासून संघीय नियमाने छापील दरपत्रक मागणाऱ्याच्या हातात द्यावं लागतं, आणि पेटी बाहेरून आणली तरी होम तिला नकार देऊ शकत नाही.

जुनी_वही
एक राहिलं. मालकी बदलली तरी पाटीवर जुनंच नाव ठेवतात, गिऱ्हाईक नावावर येतं म्हणून. तेव्हा ‘चौथी पिढी’ लिहिण्याआधी राज्याच्या नोंदणी कार्यालयात कंपनी आज कुणाच्या नावे आहे ते बघून घ्या.