धोतरातला स्पायडरमॅन आणि तुम्ही

मंडळी, माळा आवरताना 'स्पायडरमॅन: इंडिया' या कॉमिकचे २००४-०५ सालचे चार अंक सापडले. अमेरिकन स्पायडरमॅनचा देशी अवतार: नायक पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. तेव्हा कॉलेजात होतो. हौसेने घेतले आणि मित्रांसमोर चक्क लपवले, कारण नायक धोतर नेसून मुंबईभर उड्या मारत होता. पण गोष्टीत पवित्रचे भीमकाका गेले तेव्हा पोटात कालवलंच. अंक अजून रद्दीत टाकवत नाहीत. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये हाच पवित्र दिसला तेव्हा थेटरात पहिली शिट्टी माझी होती. म्हणजे मला तो आवडतो की नाही? तुमचं काय झालं ते लिहा. 'मूळ ते मूळच' एवढंच लिहून सटकू नका.

खारीबुडव्या
धोतराचं मला काही नाही. राग आहे तो योग्याचा. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटरला किरणोत्सारी कोळी चाववला. अणूची भीती घराघरात होती तो काळ, आणि पोरगा विज्ञानवेडा. ती कथा त्याच मातीतून उगवलेली. आपल्या पवित्रला मात्र कुणी योगी येऊन शक्ती देऊन जातो! भारत म्हटला की साधू हवाच का? ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी १९५६ पासून होती की. तिथला एखादा कोळी चाववता आला असता, माझ्यासारख्या बारावी सायन्सवाल्याचं भलं झालं असतं. सिनेमातला पवित्र बेफिकीर आहे, केसांची काळजी करणारा, म्हणून तो मला जास्त जवळचा वाटला. अंक मात्र एकदा वाचून मित्राला दिले. परत मागितले नाहीत.

अळूवडी
प्रभाकर हे माझ्या मामाचं नाव. दर पानावर मामाच डोळ्यांसमोर, बनियनवर. पुढे वाचवलं नाही.

जुनाट
आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवाले. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, मधली वर्षं आमची. फॅन्टमचा 'वेताळ' केला तो फक्त नावापुरता. अंगावर तेच घट्ट कपडे, तीच कवटीची अंगठी, तेच जंगल. तरी तो आमच्या गल्लीतला वाटायचा. पवित्रला धोतर दिलं, काका-काकू दिले, मुंबई दिली, आणि तो मला पाहुण्यासारखा वाटतो. कारण काय ते अजून कळलेलं नाही. गंमत म्हणजे सिनेमातली पवित्रची मुंबॅटन नगरी रंगवताना त्यांनी इंद्रजालचीच छपाई समोर ठेवली होती म्हणे. हे कळल्यावर नातवाबरोबर पुन्हा पाहिला. या वेळी गोष्टीकडे लक्षच नव्हतं, नुसते रंग बघत बसलो.

न्यू जर्सीची सून
लेक इथेच जन्मली. शाळेत 'चाय टी' ऐकून वैतागलेली असते. पडद्यावर पवित्रने त्यावरून सिनेमाच्या नायकाला, माइल्सला झापलं तेव्हा ती एवढ्या मोठ्याने हसली की पुढच्या रांगेतले वळले. हॅलोविनला तिला पवित्रच व्हायचं होतं. सासूबाईंनी जुन्या साडीचं धोतर शिवून दिलं. आठ घरांत विचारलं, "तू अल्लादीन का?" रडत परत आली. पुढच्या वर्षी साधा लाल-निळा स्पायडरमॅन. मला वाईट वाटलं, आणि शिवणकाम वाचलं म्हणून बरंही.

पंचवटी एक्सप्रेस
सिनेमा भारतात दहा भाषांत येणार म्हणून जाहीर झालं, त्यात मराठीही होती. आमच्याकडे मराठी खेळच लावला नाही. हिंदीत पवित्रला दिलेला शुभमन गिलचा आवाज ऐकला. क्रिकेट सोडू नकोस बाबा.

वाऱ्यावरची होडी
मी वरळी कोळीवाड्यातली. माझ्या मुलासाठी 'कोळी माणूस' म्हणजे त्याचा आजोबा. स्पायडर म्हणजे कोळी हे त्याला शाळेत कळलं, आणि घरी येऊन त्याने जाळं सांधत बसलेल्या बाबांना विचारलं, "तुम्ही पण भिंतीवर चढता?" बाबा म्हणाले, "गुडघे धड होते तेव्हा चढायचो." एवढा आयता शब्द मुंबईत पडलेला, आणि मी वाचलेल्या अंकांत कोळीवाड्याचा पत्ता नाही! न्यूयॉर्कवाल्यांना काय बोलणार, पण मुंबईचा स्पायडरमॅन घडवताना आसपास एकही मराठी माणूस नव्हता का? तरी पवित्रचं पोस्टर आमच्या दारामागे आहे. मुलाने त्याच्या हातात पेनाने पापलेट काढलंय.