अडुळशाचा रस निघतच नाही, काय चुकतंय?

धुऱ्यावरच्या अडुळशाची पानं पाट्यावर वाटून फडक्यातून पिळली, तरी थेंबभर रस नाही. बाबांना कफाचा खोकला आहे. किती द्यावा?

— भाऊ, कच्चं पान सहजासहजी रस देत नाही. जून पानं धुऊन इडलीसारखी 10 मिनिटं वाफवा. हिरवा रंग काळपट झाला की गरम असतानाच वाटून पिळा. मोठ्या माणसाला दोन चमचे रस, चमचाभर मध, दिवसातून दोनदा. रोज ताजाच काढा, ठेवलेला आंबतो.

— गर्भारपणात अजिबात नको जी! पानातल्या वासिसिन नावाच्या घटकानं गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या लेकराला मधही नको.

— दोन आठवड्यांवर खोकला किंवा थुंकीत रक्त असेल, तर रसावर थांबू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी फुकट होते.