मदत हवी आहे: वस्तीत काम करून मुलं जास्तच हताश होतात

दुसऱ्या वर्षाच्या ३५ विद्यार्थ्यांना घेऊन मी एका वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर काम करते. सर्वेक्षण झालं, लोकांशी बोलणं झालं, अहवालही झाला. पण मुलं परत येतात ती "एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे आपण काय करणार?" म्हणत. हे ऐकून जीव तुटतो.

मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या मांडणीत आशा म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. ध्येय, तिथवर जाण्याचे मार्ग आणि त्या वाटेवर चालत राहण्याची उमेद, असं तिन्ही लागतं. त्यांच्या १९९१च्या १२ विधानांच्या मापिकेत मार्ग आणि उमेद यांची प्रत्येकी ४ विधानं आहेत (उरलेली ४ गुणांत धरत नाहीत). सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी ती भरून घेतली. उमेद टिकली, मार्गांचे गुण घसरले. म्हणजे अडतंय ते तिथेच, असं मला वाटतं.

रोजनिशी आणि गटचर्चा करून पाहिल्या. त्यांत हळहळच जास्त निघाली. हाताशी एकच सत्र, आठवड्याला २ तास, वेगळा निधी नाही. वस्तीला प्रयोगशाळा करायचं नाही, खोटी आश्वासनंही द्यायची नाहीत.

वस्तीतल्या लोकांनीच ठरवलेलं, सत्रात पुरं होईल एवढं छोटं ध्येय तुम्ही कसं निवडता? आणि वाट अडली की दुसरी शोधायला मुलांना नेमके कोणते प्रश्न विचारता?