जगाचा सलग इतिहास: नेहरूंची तुरुंगातली पत्रं आज वाचायला द्यावीत का?

सायली_दादर
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी आर्ट्सला गेली. इतिहासाची मनापासून आवड आहे, पण शाळेत तो तुकड्यातुकड्यांत झाला. चौथीत शिवकाल, पुढे कधी फ्रेंच राज्यक्रांती, कधी महायुद्धं. परवा तिनं विचारलं, "आई, अशोक राज्य करत होता तेव्हा चीनमध्ये काय चाललं होतं?" घरात कुणालाच सांगता येईना. सगळं जग एका धाग्यात ओवून सांगणारं, गोष्टीसारखं वाचता येईल असं पुस्तक हवंय. नेहरूंचं 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' दोन-तीन जणांनी सुचवलं. भलतंच जाडजूड आहे म्हणे. आजच्या मुलीला झेपेल का? इंग्रजी वाचायची अडचण नाही. दुसरं काही असेल तर तेही सांगा.

मुलुंडचे_मास्तर
सायलीताई, खुशाल घ्या. माझी उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली आणि वर्गात जगाचा इतिहास सुरू करताना मी याच पुस्तकाचा आधार घेत आलो.

तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे. अशोकाची गोष्ट सांगून झाली की नेहरू तिथेच थांबत नाहीत. त्या वेळचं बाकीचं जग कसं होतं ते दाखवतात आणि चीनमध्ये जातात. अशोक गेल्यावर दहा-अकरा वर्षांतच, इ.स.पू. 221 मध्ये, चीन एका सत्तेखाली आला. तो राजा स्वतःला 'पहिला सम्राट' म्हणवायचा आणि आपल्या आधीचं सगळं विसरलं जावं म्हणून त्यानं जुने ग्रंथ जाळायला लावले. कलिंगात झालेल्या संहाराचं दुःख शिळेवर कोरून ठेवणारा एक राजा आणि काही वर्षांतच इतिहास पुसायला निघालेला दुसरा. दोघं शेजारी आले की मुलं आपोआप प्रश्न विचारायला लागतात. हे मी वर्गात पाहिलंय.

पुस्तक लिहिलं गेलं ती परिस्थितीही तिला सांगा. पहिलं पत्र 26 ऑक्टोबर 1930 चं, नैनीच्या तुरुंगातून, इंदिरेच्या तेराव्या वाढदिवसाचं. शेवटचं 9 ऑगस्ट 1933 चं. एकूण 196 पत्रं. नैनी, बरेली, डेहराडून, जिथे ठेवतील तिथून लिहिलेली. मधे सुटका झाली तेव्हा एप्रिल 1931 मध्ये मुंबईहून सिलोनला जाताना बोटीवर, अरबी समुद्रातही लिहिलं. हाताशी ग्रंथालय नव्हतं. वाचलेल्या पुस्तकांची टिपणं वहीत उतरवून ठेवायची त्यांना सवय होती, तीच कामी आली. एच. जी. वेल्स यांच्या जगाच्या इतिहासाचा उपयोग झाल्याचं त्यांनी मोकळेपणानं सांगितलंय. इंदिरा त्यातला बराच काळ पुण्यात शाळेत होती. पत्रं मात्र लगेच पोस्टात पडत नव्हती, तुरुंगात गठ्ठा वाढत राहिला.

म्हणूनच त्या लिखाणात पाठ्यपुस्तकाचा कोरडेपणा नाही. समोर मुलगी बसली आहे असं समजून माणूस बोलतो. मधेच म्हणतो, फार सनावळ्या झाल्या, आता जरा थांबू. राजांच्या याद्यांचा त्याला कंटाळा आहे. सामान्य माणूस काय खात होता, कर कुणाला भरत होता, याची त्याला ओढ आहे. आणि आशिया केंद्रस्थानी आहे! श्रीविजय, मजापहित, मलाक्का ही आग्नेय आशियातली राज्यं, आपल्याकडून समुद्रमार्गे गेलेली माणसं आणि विचार, याला त्या काळात इतकी जागा कुणी दिली होती?

शिवडीकर
मास्तर, तुमचा आदर ठेवून विचारतो. याच पुस्तकात शिवाजी महाराजांबद्दल वावगं लिहिलं होतं ना? मग पहिलं पुस्तक म्हणून हेच का द्यायचं?

मुलुंडचे_मास्तर
प्रश्न रास्त आहे, शिवडीकर. अफझलखान प्रकरणावरून सुरुवातीला जे लिहिलं गेलं ते चुकीचंच होतं. महाराष्ट्रातून आक्षेप आले. तेव्हा आपण तुरुंगात, संदर्भग्रंथ हाताशी नसताना लिहिलं, हे नेहरूंनी मान्य केलं आणि पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलला. पुढे 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण त्यांच्याच हस्ते झालं, तेही संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात असताना.

मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग मुद्दाम सांगतो. मराठ्यांचा इतिहास शिकायला हे पुस्तक नव्हेच. त्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांचं 'राइज ऑफ द मराठा पॉवर' द्या. 1900 सालचं, छोटेखानी आहे. मराठी सत्तेमागे संतांची चळवळ, समाजातली जागृती कशी होती हे रानडे मांडतात. त्यांच्याशीही पुढच्या इतिहासकारांचे मतभेद आहेत, पण अकरावीच्या मुलीला विचार करायला भरपूर आहे.

पावणेनऊची_फास्ट
मी हे पुस्तक बोरिवली ते चर्चगेट प्रवासात वाचलं. पत्रं आटोपशीर आहेत, त्यामुळे हजारेक पानांचा धसका घ्यायचं कारण नाही. जाताना एक, येताना एक. फक्त छापील प्रत गाडीत धरवत नाही, मी फोनवर वाचलं.

माझा सल्ला थोडा वेगळा. शेवटचा भाग सगळ्यात आधी वाचा. तिथे इतिहास संपून बातमी सुरू होते. 1933 चा उन्हाळा, जगभर मंदी, हिटलर जानेवारीत सत्तेवर आलेला, लंडनची आर्थिक परिषद फसलेली. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. वाचताना जीव टांगणीला लागतो. फॅसिझमबद्दल इतक्या लवकर इतकं स्पष्ट लिहिणारा माणूस तुरुंगात बसून वर्तमानपत्रं किती बारकाईनं वाचत असेल!

अनया_ठाणे
सगळे कौतुक करतायत, मलाही पुस्तक प्रिय आहे, पण उणिवा आधीच सांगितलेल्या बऱ्या. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला फारच थोडी जागा आहे. प्राचीन भारताबद्दलची माहिती 1930 च्या आसपासची आहे, मोहेंजोदडोचं उत्खनन तेव्हा नुकतंच झालेलं. सोव्हिएत रशियाबद्दलचा उत्साह आज वाचताना खटकतो, पंचवार्षिक योजनांची मानवी किंमत त्यात पुरेशी दिसत नाही. मुलीला सांगा, समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहीत जा.

यानंतर 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नक्की. ते तर आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिलेलं. 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि 9 तारखेच्या पहाटे इथेच, मुंबईत, नेत्यांना उचललं. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत पुस्तक लिहून झालं. सोबत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली यांच्यासारखी माणसं, म्हणजे तुरुंगात चर्चेला विद्यापीठच. साने गुरुजींनी त्याचा मराठी अनुवाद केलाय, आजीआजोबांनाही वाचता येईल. श्याम बेनेगलांची 53 भागांची 'भारत एक खोज' मालिका त्यावरच आहे. नसीरुद्दीन शाह त्यात शिवाजी महाराज झालेत. रविवारी दुपारी घरच्यांनी मिळून बघा.

सायली_दादर
केवढी मदत केलीत! शेवटची पत्रं आधी वाचायची कल्पना लेकीला फार आवडली, शिवडीकरांचा प्रश्न आणि मास्तरांचं उत्तरही तिला वाचून दाखवलं. प्रत कुठली घेऊ? रानड्यांचं पुस्तक कुठे मिळेल?

फोर्टचा_जुना_वाचक
ताई, प्रत घेताना नकाशे आहेत का ते आधी उघडून बघा. 1939 च्या लंडन आवृत्तीत जे. एफ. हॉरबिन यांनी काढलेले 50 नकाशे घातले गेले. वेल्सच्या इतिहासाचे नकाशेही त्यांचेच. नकाशांशिवाय मंगोलांच्या स्वाऱ्या डोक्यावरून जातात. नेहरू 1964 साली गेले, त्यामुळे 60 वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत 2024 अखेर संपली. आता कुणीही छापू शकतं, तेव्हा स्वस्त प्रतीत नकाशे आणि शेवटची सूची गाळलेली नाही ना, एवढं तपासा.

जुनी प्रत हवी असेल तर फाउंटनच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर विचारा. मला तिथे कापडी बांधणीची, नकाशांसकट मिळाली होती. रानड्यांसाठी दादरलाच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, तुम्हाला चालत जाता येईल. आणि लेकीला एकदा वरळीला नेहरू सेंटरमध्ये न्या. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर आधारलेलं कायमस्वरूपी प्रदर्शन तिथे आहे. निघण्याआधी वेळ विचारून घ्या.