मदत हवी आहे: लॉक लेव्हनला आईबाबांसोबत एक दिवस

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर आईबाबांना एडिनबरोहून किनरॉसला, लॉक लेव्हन या तळ्यावर न्यायचंय. स्कॉटलंडच्या मेरी राणीला १५६७ मध्ये तिथल्या बेटावरच्या किल्ल्यात कैदेत ठेवून गादी सोडायला लावली. २ मे १५६८ ला ती होडीतून निसटली. बाबांना तो किल्ला बघायचाच आहे. आईचे गुडघे दुखतात, होडीत चढ-उतार जमेल का? तळ्याभोवतीची वाट २१ किलोमीटरची. त्यातला सपाट, बाकं असलेला तुकडा कोणता? आइसलँडहून येणारे गुलाबी पायांचे हंस तेव्हा दिसतील ना? मला त्यांचीच जास्त ओढ, थवेच्या थवे कलकलाट करत पाण्यावर उतरताना बघायचेत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. स्कॉच ब्रॉथ या तिथल्या सूपमध्ये बार्लीसोबत मटण असतं, मग तिच्यासाठी तिथे गरमागरम काय मिळेल?