हॅमला ओव्हन हवाच का? स्लो कुकरवाल्यांनी आणि ओव्हनवाल्यांनी बोला

कोलंबसची_काकू (१८ डिसेंबर, रात्री ९:१०)

गेल्या ख्रिसमसला लेकीचे सासू-सासरे आमच्याकडे जेवायला होते. व्याही ओहायोतलेच. त्यांच्याकडे नाताळच्या टेबलावर मधोमध चकचकीत हॅम (डुकराच्या मांडीचा खारवलेला तुकडा) नसेल, तर ते आपल्या पंगतीत वरणभात न वाढल्यासारखं. आमच्या घरात ओव्हन एकच आणि त्यासाठी रांग लागलेली: मॅक अँड चीज, ग्रीन बीन कॅसरोल, वर डिनर रोल्स. म्हणून मी हॅम स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ठेवला. हाडासकट ८ पौंडांचा, कापलेली बाजू खाली. ब्राऊन शुगर, डिजॉन मोहरी, अननसाचा रस, चार लवंगा. 'लो'वर साडेचार तास. लोण्यासारखा झाला, सगळ्यांनी मागून घेतला. निघताना विहीणबाई उरलेल्याचा डबा हातात घेत म्हणाल्या, "ओव्हन बिघडलाय का तुमचा?"

वर्ष झालं, ते वाक्य काही जात नाही डोक्यातून.

आता माझं म्हणणं ऐका. इथल्या सुपरमार्केटात मिळणारा हॅम बहुतेक वेळा खारवलेला, धुरी दिलेला आणि पूर्ण शिजलेलाच असतो. लेबलवर 'फुली कुक्ड' असं छापलेलं असतं. म्हणजे घरी आपण त्याला शिजवत नाही, फक्त गरम करतो. त्यासाठी ३२५ डिग्री फॅरनहाइटचा कोरडा ओव्हन अडीच तास अडवायचा आणि वर रस सोडत उभं राहायचं, हा निव्वळ हट्ट नाही का? यंदा ते पुन्हा येतायत. मी कुकरच्या बाजूने आहे, पण पटवून दिलंत तर पक्ष बदलेन.

चिक्कीवाला (१८ डिसेंबर, रात्री ९:५२)

काकू, तुमचा हॅम मऊ झाला असेल. ग्लेझ्ड मात्र झाला नव्हता, आणि विहीणबाईंना तेच म्हणायचं होतं.

झाकण ठेवून चिक्कीचा गूळ कोणी आटवतं का? ग्लेझ म्हणजे शेवटी पाकच. त्यातलं पाणी उडालं पाहिजे, मग तो एकतारी होणार, मग दोनतारी, मग मांसाला धरून बसणार. स्लो कुकरमध्ये वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन परत खाली पडते. वर हॅम स्वतः पाणी सोडतो, कारण तो मिठाच्या पाण्यातच मुरवलेला असतो. काही हॅमच्या लेबलवर 'वॉटर ॲडेड' असं चक्क लिहिलेलं असतं, बघा. साडेचार तासांनी तळाला जे जमतं ते हॅमच्या चवीचं सरबत. पाणी आहे तोवर तापमान १०० सेल्सियसच्या वर जात नाही आणि साखर करपून तांबूस व्हायला १६० च्या आसपास लागतं. तुमचं ते भांडं जन्मात तिथे पोचणार नाही.

शिवाय ओव्हनमधल्या हॅमवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडतात, चौकटी-चौकटीत लवंग टोचतात. त्या चिरांच्या कडा उघडतात, कुरकुरीत होतात. ती कड मिळावी म्हणून आमच्या घरी पोरं भांडतात.

शेपू_आवडे_मला (१८ डिसेंबर, रात्री १०:०५)

मराठी माणसाने नाताळात हॅमवर चर्चा करावी, हेच बघायचं राहिलं होतं. पुरणपोळी करा, विहीणबाई खूश होतील.

वसईचा_पाव (१८ डिसेंबर, रात्री ११:३०)

शेपू, आमच्या वसईत नाताळ मराठीतच होतो हो. टेबलावर फुगे (तळलेले गोल पाव) असतात, सोरपोतेल (पोर्कचं आंबट-तिखट कालवण) असतं, विंदालू असतं आणि पोर्कवर चर्चा तर पहाटेच्या मिस्सापर्यंत चालते. तुम्ही शेपू खा, आम्हाला बोलू द्या.

काकू, मी तुमच्या बाजूचा. आमच्याकडे पोर्कला चव येते ती झाकणाखाली, मंद आचेवर. सोरपोतेल तर केल्या दिवशी खायचंच नसतं, दोन दिवस मुरू द्यायचं. कुरकुरीत कड कोणाला हवीय?

माझी तक्रार वेगळीच आहे. ब्राऊन शुगर, वर अननसाचा रस, कोणी त्यात कोकही ओततं. ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं काढली, हे गोड डुक्कर काही गळ्याखाली उतरलं नाही. आंबट कुठाय? चांगला चमचाभर व्हिनेगर पडला तर ती साखर जरा माणसात येईल.

तापमापक (१९ डिसेंबर, सकाळी ७:१५)

चव ज्याची त्याची. मला एकाच गोष्टीची काळजी आहे: काकूंनी हॅमच्या आत थर्मामीटर खुपसला होता का?

अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशोब सरळ आहे. त्यांच्या तपासणीतल्या कारखान्यात शिजवून, तिथेच पॅक झालेला हॅम गरम करताना आत १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियस, गाठायचा. दुकानाने उघडून पुन्हा बांधलेला असेल किंवा कालचा उरलेला असेल तर १६५. आणि 'फ्रेश हॅम' असं लिहिलेला कच्चा तुकडा असेल तर १४५, वर तीन मिनिटं विश्रांती. हे तीन हॅम एकाच थंड कपाटात शेजारी शेजारी पडलेले असतात आणि लोक किंमत बघून उचलतात.

स्लो कुकर तापतोच सावकाश. ४० ते १४० फॅरनहाइटच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो आणि फ्रीजमधून काढलेला ८ पौंडांचा सबंध गोळा त्या पट्ट्यातून रमतगमत वर चढतो. म्हणूनच उरलेलं अन्न स्लो कुकरमध्ये गरम करू नका, असं तेच खातं सांगतं. हॅममध्ये मीठ आणि नायट्राइट असतं, त्यामुळे तो साध्या मांसापेक्षा टिकाऊ, हे मान्य. तरी निदान पहिला तास 'हाय'वर ठेवा, मग 'लो' करा. आणि दर अर्ध्या तासाने झाकण उघडून कौतुक बघू नका, उष्णता निघून जाते.

कोलंबसची_काकू (१९ डिसेंबर, सकाळी ८:०२)

थर्मामीटर नव्हता खुपसला. कबूल. सगळे जिवंत आहेत, पण कबूल.

चिक्कीवाला (१९ डिसेंबर, सकाळी ८:२०)

गंमत बघा, तापमापक. याच खात्याने स्पायरल हॅमबद्दल, म्हणजे हाडाभोवती गोल गोल आधीच कापून विकतात त्या हॅमबद्दल, काय लिहिलंय? तो थंडच खाल्लेला बरा, कारण गरम केला की काप कोरडे पडतात आणि ग्लेझ वितळून खाली ओघळतं. म्हणजे काकूंच्या कुकरविरुद्ध सरकारी साक्षीदार माझ्याकडे आहे!

तापमापक (१९ डिसेंबर, सकाळी ८:४१)

साक्षीदार तुमच्याही विरुद्ध आहे हो. तो ओव्हनला वगळत नाहीये. गरम करायचाच असेल तर जाड फॉइलमध्ये गुंडाळून ३२५ ला, पौंडाला साधारण १० मिनिटं, असं पुढे लिहिलंय. गुंडाळून! तुमच्या ओव्हनमध्येही बहुतेक वेळ हॅम झाकलेलाच असतो. ग्लेझ लागतं ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, फॉइल काढल्यावर.

कोलंबसची_काकू (१९ डिसेंबर, सकाळी ९:००)

मग मी काय वेगळं म्हणतेय? आधीचे दोन तास ओव्हन नुसता हॅमचा पहारा करतो.

निव्वळ_वाचक (१९ डिसेंबर, दुपारी १:१८)

एरवी मी इथे लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

स्लो कुकर काढला आयर्विंग नॅक्सन या शिकागोच्या ज्यू संशोधकाने. पेटंट १९४० चं. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नाची आठवण सांगायची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायचं. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. चोलंट म्हणजे बीन्स, बार्ली, बटाटे आणि मांस यांचं दाट कालवण. ती उरलेली धग विजेवर कशी आणता येईल, या विचारातून हे भांडं निघालं. पुढे रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने तेच यंत्र बाजारात आलं.

म्हणजे ज्यू घरातल्या शब्बाथसाठी सुचलेल्या यंत्रात आज नाताळचा डुक्कर शिजतोय. नॅक्सनच्या आजीला काय वाटलं असतं कोण जाणे.

चिक्कीवाला (१९ डिसेंबर, दुपारी १:४०)

झकास. आणि माझाच मुद्दा पक्का केलात. ते यंत्र कालवणासाठी जन्माला आलं. चोलंटला ग्लेझ नसतं.

कंट्री_हॅमचा_बळी (१९ डिसेंबर, संध्याकाळी ६:२५)

माझी पण एक ऐका आणि हसा.

अमेरिकेत आल्यावर पहिला नाताळ. ऑफिसातल्या एकाने केंटकीचा कंट्री हॅम भेट दिला, कापडी पिशवीत बांधलेला. मला वाटलं, हॅम तो हॅम. स्लो कुकरमध्ये घातला, साखर घातली, झाकण लावून कामाला गेलो. संध्याकाळी घरात वास असा भरलेला की बायको म्हणाली, आज काहीतरी जमलंय. पहिला घास घेतला आणि मिठागरात उभे असल्यासारखे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

नंतर कळलं. कंट्री हॅम कोरड्या मिठात खारवून महिनोन्महिने टांगलेला असतो. तो आधी रात्रभर, कधी त्याहूनही जास्त, पाण्यात भिजत घालायचा, पाणी बदलायचं आणि मग उकळायचा. काकूंचा तो 'सिटी हॅम', म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेला. दोघांत फरक वांब आणि सुकटीइतका. धागा वाचून कोणी कंट्री हॅम कुकरमध्ये टाकू नका रे बाबांनो.

मी_नवीन_आहे (२० डिसेंबर, सकाळी १०:१०)

एक प्रश्न विचारू का? आमचा कुकर ६ क्वार्टचा. ८ पौंडांचा हॅम घातला तर झाकण बसत नाही. काय करू?

कोलंबसची_काकू (२० डिसेंबर, सकाळी १०:३३)

लंबगोल कुकर असेल तर हॅम आडवा करून बघ. तरी नाही बसला तर वरचा उंचवटा सुरीने कापून बाजूला ठेव. अगदीच नाइलाज झाला तर झाकणाऐवजी फॉइलचा घट्ट तंबू. पुढच्या वेळी शँककडचा (पायाच्या खालच्या टोकाकडचा) अर्धा तुकडा आण, तो निमुळता असतो.

चिक्कीवाला (२० डिसेंबर, सकाळी १०:५०)

किंवा ओव्हन लाव. त्याचं दार कायम बसतं.

तापमापक (२० डिसेंबर, दुपारी १२:०५)

फॉइलचा तंबू असेल तर वेळेवर भरवसा ठेवू नका, थर्मामीटरवरच ठेवा.

काकू, मी मधली वाट सुचवतो, दोघांनाही आवडणार नाही. हॅम कुकरमध्ये १३० पर्यंत गरम करा. बाहेर काढून कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा. तळाचा रस गाळून रुंद कढईत घ्या आणि अर्ध्याहून कमी होईपर्यंत आटवा. मग त्यात साखर, मोहरी आणि वसईकरांचा व्हिनेगर. आधीपासून साखर घालूच नका, ती नुसती पातळ होत राहते. हा पाक हॅमवर लावायचा आणि ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनमधल्या वरच्या जाळाखाली, पाच मिनिटं, डोळ्यांसमोर. बाहेर आल्यावर आत १४० दिसलं पाहिजे, नसेल तर फॉइल टाकून थोडा वेळ ओव्हनमध्येच राहू द्या. ओव्हन अडतो तो एवढाच. आणि कुकरचं भांडं ब्रॉयलरखाली ढकलू नका, तडकेल.

चिक्कीवाला (२० डिसेंबर, दुपारी १२:३०)

पाच मिनिटांत कडा उघडत नाहीत. चमक येईल, कुरकुरीतपणा नाही. पण साखर शेवटी घालायची हे शहाणपणाचं, तेवढं मान्य.

आणि स्पायरल घेऊ नका, काकू. कुकरमधून उचलताना त्याचे काप पुस्तकाची शिवण उसवल्यासारखे सुटतात. ती कापायची युक्ती डेट्रॉइटच्या हॅरी होनसेलारची. तिचं पेटंट मिळालं आणि १९५७ मध्ये त्याने हनीबेक्ड हॅमचं दुकान काढलं. वाढायला सोय मोठी, पण कापाकापांत रस शिरतो तसा बाहेरही निघून जातो.

कोलंबसची_काकू (२६ डिसेंबर, सकाळी ११:२०)

पार पडलं एकदाचं. खरं ते सांगते.

न कापलेला, शँककडचा ७ पौंडांचा आणला. पहिला तास 'हाय', मग 'लो'. साखर नाही, फक्त अर्धा कप अननसाचा रस. थर्मामीटर आत ठेवूनच झाकण लावलं होतं. १३२ झाल्यावर काढला, चिरा पाडल्या, शंकरपाळ्यासारख्या. रस आटवायला पंचवीस मिनिटं लागली, हे कोणी सांगितलं नव्हतं! तोवर ओव्हन मोकळा झाला होता. व्हिनेगर घातला. पाक झक्क दोनतारी. ब्रॉयलरखाली ठेवला आणि नेमकी दाराची घंटी वाजली. व्याही आले. "या, या" करून, कोट घेऊन परत येईपर्यंत एक बाजू काळी. मेला तो ब्रॉयलर. काळं खरवडलं, दुसऱ्या बाजूला परत पाक लावला, फॉइल टाकून १४० होईपर्यंत आत ठेवला आणि ताट असं फिरवून मांडलं की पाहुण्यांना गोरी बाजू दिसावी.

विहीणबाईंनी दोनदा घेतला. व्याह्यांनी खरवडलेल्या बाजूची उरलीसुरली काळी कड मागून खाल्ली, म्हणाले, "हीच तर हवी असते." (चिक्कीवाले, ऐकताय ना?) निघताना विहीणबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी हॅम मी घेऊन येईन, तुम्ही ती बटाट्याची भाजी आणि पुऱ्या करा. ही दाद म्हणायची की टोमणा, यावर घरात दोन तट आहेत.

शेपू, पुरणपोळी नाही, खीर केली होती. ती संपली, पण हॅम उरलाय.

चिक्कीवाला (२६ डिसेंबर, सकाळी ११:३१)

व्याही माझ्या पक्षातले. नमस्कार सांगा त्यांना.

तापमापक (२६ डिसेंबर, सकाळी ११:४५)

उरलेला फ्रीजमध्ये गेला ना? तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर आजच फ्रीझरला टाका.

वसईचा_पाव (२६ डिसेंबर, दुपारी १२:१०)

हाड टाकलं तर याद राखा. पांढऱ्या बीन्स रात्री भिजत घाला. उद्या बीन्स दहा मिनिटं खळखळून उकळून घ्या, मग हाड, कांदा, दोन लाल मिरच्या आणि तुमचा तो लाडका कुकर, 'लो'वर दिवसभर. मीठ मात्र अगदी शेवटी, आणि तेही चाखून.

कोलंबसची_काकू (२६ डिसेंबर, दुपारी १२:१४)

बीन्स भिजत घातल्या.